रिलिव्हर आल्याशिवाय

गळ्यात आवाज नसलेला माणूस दिवसभरात किती बोलू शकतो, हे मला काकांमुळे कळलं. खरं सांगते, नसतं कळलं तरी चाललं असतं.

मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात कॅन्सर शस्त्रक्रिया विभागाच्या खिडकीत बसते. ऑपरेशनची यादी करायची, तारखा द्यायच्या, फायली सांभाळायच्या आणि दिवसभर लोकांची बोलणी खायची. काका आमचे पेशंट. आयुष्यभर एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये कंट्रोल पॅनलसमोर बसलेले आणि आयुष्यभर बिड्या ओढलेले. आमच्या मॅडमनी, म्हणजे आमच्या सर्जननी, त्यांचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला पुढून श्वासासाठी एक भोक राहिलं आणि बोलायला हातात एक यंत्र आलं, टॉर्चएवढं. ते गळ्याच्या बाजूला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की घूं घूं करत शब्द बाहेर येतात. सगळे एकाच पट्टीत. राग, लाड, चौकशी, 'चहा आणा' आणि 'तुमच्या बापाचं राज्य आहे का', सगळं एकाच सुरात. पहिल्यांदा तो आवाज खिडकीतून आला तेव्हा मी टेबलावरचा फोन उचलून हॅलो म्हटलं होतं.

गळ्यावरच्या भोकावर ते क्रोशाचा रुमाल बांधायचे, शर्टाच्या रंगाला जुळणारा. काकू विणून द्यायच्या. काकूंचं म्हणणं, भोक पडलं म्हणून काय झालं, माणसानं नीटनेटकं दिसावं. निळ्या शर्टावर निळा, खाकीवर खाकी. एकदा चौकटीच्या शर्टावर चौकटीचा रुमाल बघून मी हात जोडले.

त्यांची नि माझी पहिली गाठ डिस्चार्जच्या दिवशी पडली. कागद घेऊन मीच वॉर्डात गेले होते. सात नंबरची कॉट. पिशव्या भरलेल्या, काकू चपला घालून तयार, खाली रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि हा माणूस कॉटवर मांडी घालून बसलेला. तेव्हा यंत्र मिळालं नव्हतं, पाटीवर लिहायचे.

"काका, निघा ना आता."

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'रिलिव्हर कुठाय?'

मी काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "पॉवर हाऊसची सवय हो. तिथे पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन, वही वाचून, 'चार्ज घेतला' म्हणून सही करत नाही तोवर आधीच्यानं पॅनल सोडायचं नाही. येणाऱ्याला रिलिव्हर म्हणतात. आमच्या लग्नात हळदीला हे दोन तास उशिरा आले, रिलिव्हरची सायकल पंक्चर झाली म्हणून. आमची आई अजून बोलून दाखवते."

मी चिडले, मॅडम चिडल्या, रिक्षावाला तर निघूनच गेला. शेवटी दुपारी निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार त्या कॉटवर भरती झाले. काकांनी उठून त्यांना नीट चार्ज दिला. पाटीवर लिहून लिहून. पंखा दोनवर ठेवा, तीनवर खडखडतो. सलाइन डाव्या हाताला मागा. खिडकीतल्या बाई ओरडतात, लक्ष देऊ नका. मग पाटीवरच त्या बिचाऱ्या घाबरलेल्या माणसाची सही घेतली आणि पाटी छातीशी धरून घरी गेले.

नंतर कळलं की रिटायर झाले त्या दिवशीही असंच. रिलिव्हरला उशीर झाला म्हणून सत्काराला हॉलमध्ये येईनात. शेवटी साहेब लोकच हार घेऊन पॅनलवर गेले. मीटरच्या काट्यांवरची नजर काढायची नाही म्हणून यांनी मान वळवली नाही. साहेबांनी भाषण केलं ते यांच्या पाठीला, हार घातला तोही मागून.

बरा झालेला माणूस हॉस्पिटलचं तोंड पुन्हा बघत नाही. हे रोज सकाळी सातला हजर. ऑपरेशन थिएटरबाहेर, माझ्या खिडकीसमोर एक लाकडी बाक आहे, त्यावर बसायचे. मांडीवर जाड वही. तासातासाला नोंद. 'सात वाजता, चार्ज घेतला. लिफ्ट बंद. आठ वाजता, लिफ्ट बंद. नऊ वाजता, लिफ्ट चालू. नऊ दहा, लिफ्ट बंद. दहा वाजता, मॅडम आल्या. चिडलेल्या.' ही शेवटची नोंद मॅडमनी वाचली. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी थांबून मला चक्क गुड मॉर्निंग म्हणाल्या.

मला ते 'कंट्रोल' म्हणायचे. पेशंट म्हणजे लोड. मी कोणावर ओरडले की घूं घूं करत साऱ्या व्हरांड्याला सांगायचे, "कंट्रोल ट्रिप झाला." पॉवर हाऊसच्या भाषेत मशीन बंद पडलं की ट्रिप झालं म्हणतात. डोक्यात जायचा माणूस! पण एक कबूल करायला हवं. नवा पेशंट आला, स्वरयंत्र काढायचं म्हटल्यावर तो फाईल उचलून घरी निघाला, बायको भिंतीला टेकून रडायला लागली, की काका उठायचे. रुमाल वर करून भोक दाखवायचे आणि म्हणायचे, "यातून शिट्टी वाजत नाही. बाकी सगळं होतं." आमच्या छापील माहितीपत्रकानं जे झालं नसतं ते त्या एका वाक्यानं व्हायचं.

जनीबाई आली ती अशीच एका मंगळवारी, पेठकडच्या एसटीनं. पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. नवरा नाही, मुलगी आश्रमशाळेत, घरी आठ बकऱ्या. मिश्री लावून लावून गालाच्या आत जखम झालेली, तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. कमरेच्या पिशवीत एक चिठ्ठी होती, घडी घालून घालून फाटायला आलेली. चार महिन्यांपूर्वी कोण्या डॉक्टरनं लिहिली होती, मुंबईला जा.

"मग गेली का नाहीस?" मी विचारलं.

"कोन हाय माजं तितं?" ती म्हणाली. "हितं बस थेट येती. कंडक्टर वळखीचा हाय."

मॅडमनी तपासलं आणि सांगितलं, महिन्याच्या आत व्हायला हवं. मी तारीख दिली. काकांनी तिला बाकावर जागा दिली. तिचं तोंड उघडत नाही, यांना आवाज नाही, पण दोघांच्या गप्पा काय रंगायच्या! काका तिला टर्बाइन समजावून सांगायचे आणि ती त्यांना बकऱ्यांचे स्वभाव.

तिच्या तारखेला आठवडा राहिला आणि वरून कागद आला. विभाग मुंबईला हलवायचा. सगळ्या सोयी एका छताखाली. इथं रुग्णसंख्या पुरेशी नाही. नव्या तारखा देऊ नयेत, दिलेल्या रद्द समजाव्यात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना पेठ कुठे आणि मुंबई कुठे, काय कल्पना! आणि सांगायचं कोणी? खिडकीतल्या बाईनं. मी एकेकाला बोलावून सांगत गेले. कोणी शिव्या दिल्या, कोणी रडलं. जनीबाईनं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि पिशवी उचलली.

"कुठे निघालीस?"

"घरी. बकऱ्या हायेत."

"आणि ऑपरेशन?"

"ऱ्हाऊ दे."

इतक्या सहज म्हणाली, जसं काही मी जेवायचा आग्रह केला होता. तिथून घरी गेली तर ती परत येणार नव्हती, आणि मग काय होणार होतं ते मला फायली बघून बघून तोंडपाठ होतं.

काकांनी यंत्र गळ्याला लावलं. "बसा," ते म्हणाले. "युनिट लोडवर असताना हलवत नसतात. बंद करतात, लोड उतरवतात, मग हलवतात. हे पहिलीतलं पोर सांगेल." जनीबाईला यातलं एक अक्षर कळलं नसावं, पण ती बसली. बकऱ्या तेवढे दिवस शेजारणीनं बघितल्या.

त्यानंतरचे पाच दिवस मला आठवले की अजून हसू येतं आणि त्या हसण्याची लाजही वाटते. काकांनी पॉवर हाऊसमधले तीन रिटायर दोस्त आणले आणि बाकावर शिफ्ट लावल्या. थिएटर एक मिनिट मोकळं सोडायचं नाही. शिवाय मोर्चा ठरला. परवानगीचा अर्ज मी लिहून दिला. नोकरीत राहून असले अर्ज लिहायचे नसतात, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिला. पोलिस साहेबांना वाटलं, कोण्या पेशंटनं मरणाच्या दारातून लिहिलाय. त्यांनी सगळ्यांना आधी चहा पाजला.

मग म्हणाले, "बाजूला शाळेत परीक्षा चालू आहेत. घोषणा नकोत. मूक मोर्चा काढा."

काका म्हणाले, "आम्हाला दुसरा येतच नाही."

बावीस माणसं निघाली. कोणाची जीभ अर्धी, कोणाचा जबडा, अकरा जणांना स्वरयंत्र नाही. मी रजा टाकून पलीकडच्या फुटपाथवरून चालले होते, कोणी विचारलं तर भाजीला निघालेय म्हणायचं म्हणून हातात पिशवी. कलेक्टर कचेरीपर्यंत सगळं शिस्तीत. गेटपाशी काकांनी हात वर केला आणि अकराही जणांनी खिशातून यंत्रं काढली. "विभाग हलवू देणार नाही." अकरा तोंडं, एक आवाज, एक पट्टी. झाडावरचे कावळे उठले. गेटवरचा पहारेकरी आधी जनरेटर बघायला पळाला.

पोलिस साहेब घाईघाईनं आले. "अहो, मूक ठरलं होतं! आणि ध्वनिवर्धकाची परवानगी वेगळी लागते."

"हा ध्वनिवर्धक नाही. गळा आहे."

"बॅटरीवर चालतो ना?"

"हो."

"मग ध्वनिवर्धकच."

"मग माझा गळा कोणता?"

साहेब भला माणूस होता. त्यानं बाजूला जाऊन वरिष्ठांना फोन लावला. मला फुटपाथवरून स्वच्छ ऐकू आलं. "सर, गळ्याला परवानगी लागते का?... नाही सर, माणसाच्या... नाही सर, मी शुद्धीवर आहे." परत येऊन म्हणाले, "आवाज कमी ठेवा." अकरा जणांनी यंत्रांची बटणं फिरवून आवाज एकवर आणला आणि उरलेल्या घोषणा कुजबुजल्यासारख्या दिल्या. कचेरीनं निवेदन घेतलं, शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोखाली छापून आलं, 'विविध मागण्यांसाठी मूक मोर्चा.'

कागद काही मागे फिरला नाही. जनीबाईच्या तारखेच्या आदल्या दिवशी मुंबईहून एक साहेब थिएटरचा ताबा घ्यायला आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, सोबत ड्रायव्हर. बाकासमोर आले तशी काकांनी उठून नमस्कार केला आणि वही पुढे केली.

आता बघा, आपल्याकडे मोठ्या माणसापुढे कोणी उघडी वही धरली की ती अभिप्रायाची वही असते. शाळा असो, देऊळ असो, गोशाळा असो. साहेबांनी हातही न थांबवता लिहिलं, 'उत्तम व्यवस्था. समाधान वाटले.' खाली सही, तारीख, वेळ. ज्या रकान्यात लिहिलं त्याच्या वर काकांच्या सुवाच्य अक्षरात होतं, 'चार्ज घेणाऱ्याचे नाव.'

काकांनी वही डोळ्यांजवळ नेऊन तपासली, साहेबांशी हात मिळवला आणि म्हणाले, "चार्ज तुमच्याकडे. लोड बत्तीस. पहिली या बाई, उद्या सकाळी. रिलिव्हर आल्याशिवाय उठू नका." आणि चौघंही दोस्त चहाला निघून गेले. इतके दिवस ज्यांनी एक मिनिट बाक सोडला नव्हता, ते हसत हसत गेले.

साहेब हसले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "चल, बाकीचं बघून घेऊ." ड्रायव्हर हलेना.

"काय रे?"

"साहेब, तुम्ही सही केली."

"मग?"

"माझे वडील एकलहऱ्याला होते साहेब. चार्ज घेतल्यावर सोडून जायचं नसतं. मी गाडी नाही काढणार." हात जोडून उभा राहिला, पण गाडीची किल्ली खिशातच.

मी खिडकीतून बघत होते. साहेब म्हणाले, ठीक आहे, पाच मिनिटं बसतो. बसले ते तीन तास. त्या बाकावर बसलेला माणूस सगळं सांगतो, ही लोकांना सवय झालेली. एका म्हातारीनं त्यांना लघवीची बाटली दिली आणि "कुठं ठिवू?" विचारलं. साहेब बाटली धरून उभे. कोणी एक्स-रे उजेडाकडे धरून विचारलं, "वाढलंय का हो?" कोणी म्हणालं, स्ट्रेचरला हात लावा. लावला बिचाऱ्यानं. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "साहेब, चार्ज तुमच्याकडे आहे, मी काय सांगणार?" नोकरी जाईल असं वाटलं, पण जीभ थांबेना.

शेजारी जनीबाई होती. बऱ्याच वेळानं साहेब तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, मुंबईला सोयी जास्त आहेत. तुम्ही तिकडे का येत नाही?"

"तुमी पेठला या की," जनीबाई म्हणाली. "आमच्याकडं हवा लय चांगली हाय."

"मी कशाला येऊ? तिथे माझं कोण आहे?"

जनीबाईनं फडकं सोडलं. त्यातली नागलीची भाकरी काढून त्यांच्या हातात दिली. तिला चावता येत नव्हती, पण शेजारणीनं त्या सकाळी ओळखीच्या कंडक्टरबरोबर धाडलेली. साहेबांनी ती सगळी खाल्ली आणि मग माझ्याकडून कोरा कागद मागितला. 'विभागाची आजची प्रतीक्षायादी पूर्ण होईपर्यंत स्थलांतर करू नये. तातडीच्या शस्त्रक्रिया सुरू ठेवाव्यात.' सही, शिक्का. तेवढ्यात काका चहा पिऊन आले आणि त्यांनी साहेबांना रीतसर सोडवलं.

दुसऱ्या दिवशी जनीबाईचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या आठवड्यात ती बकऱ्यांकडे गेली, अर्धा गाल बदललेला, पण जिवंत.

आणि मॅडमना त्या कागदानंतर येईल तो प्रत्येक पेशंट तातडीचा वाटायला लागला. कॅन्सरला कधी सवड असते का? यादीतलं एक तरी नाव शिल्लक असेपर्यंत विभाग इथे, आणि विभाग इथे तोवर तातडीचे सगळे इथे. आम्ही सगळे खूश. एकच गोष्ट मला ठाऊक होती, कारण यादी माझ्या हातची होती. बत्तिसावं नाव काकांचं होतं.

यंत्र ते नेहमी गळ्याच्या डाव्या बाजूला लावायचे. त्या महिन्यात उजवीकडे लावायला लागले. डावीकडे गाठ आली होती. मॅडमनी तपासून नाव घातलं होतं, आणि यादी करताना तिसऱ्या नंबरवर घे म्हणून मला बजावलं होतं. काकांनी माझ्यासमोर हात जोडले. "शेवटी टाका. आधी लोड उतरवा." मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी माझं डोकं फोडलं असतं. मी शेवटी टाकलं.

मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी आम्हा दोघांनाही फाडून खाल्लं आणि काकांना सोमवारी सकाळची पहिली वेळ दिली. पोट रिकामं हवं, पाणीसुद्धा नको. सोमवारी काका आले ते ढेकर देत. "विसरलो," म्हणाले. पोटात काही असलं की भूल देता येत नाही. त्यांच्या जागी पुढचा पेशंट घेतला. पुढच्या वेळी सकाळी सातला मिसळ खाऊन आले, वर रश्शाचा डाग दाखवायला शर्ट न बदलता. मॅडम रडकुंडीला आल्या. "अहो, मरायचंय का तुम्हाला?" काका त्याच सुरात म्हणाले, "बेस लोड, म्हणजे कायम राहणारा थोडा भार, कोणीतरी ठेवावा लागतो मॅडम. नाहीतर सगळं युनिट बंद." उपोषण सांगितलं असतं तर महिना उपाशी बसले असते, पण ऑपरेशनच्या सकाळी पोटभर खायचे.

तिसऱ्या वेळी मी त्यांना पाहिलं. सोमवार, पावणेसात. माझ्या मागच्या खिडकीतून गेटावरची चहाची टपरी दिसते. काका कप घेऊन उभे होते, अजून तोंडाला लावला नव्हता. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. यादीत तेव्हा चारच नावं उरली होती. मला वाटलं, आणखी थोडे दिवस. विभाग टिकेल, मॅडम टिकतील, माझी बदली टळेल. मी खिडकी लावून घेतली आणि फायली लावत बसले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच आशेवर राहायला नको. ऑपरेशन शेवटी झालं, आणि काका त्यानंतर आठ महिने जगले. मॅडम नंतर मला एकदाच म्हणाल्या, "तीन महिने आधी हाती लागला असता तर..." विभाग अजून इथेच आहे. अधूनमधून वरून पत्र येतं, यादी पूर्ण झाली काय. मी लिहिते, नाही.

नाही, कारण जनीबाई. तपासणीला आली होती ती. यादीत तेव्हा काका एकटेच उरलेत अशी माझी समजूत. बाकावर त्यांच्या शेजारी बसली, मानेवरची लिंबाएवढी गाठ बघितली आणि तरातरा माझ्या खिडकीशी आली.

"ताई, यादीत माजं नाव हाय का अजून?"

"तुझं झालं ना ऑपरेशन."

"येक झालं. गाल वढतोय, तोंड नीट उघडाया दुसरं लागंल, मॅडमच बोलल्या. लिवलंय का नाय?"

मी फाईल उघडली. लिहिलं होतं. दोन टप्प्यांची केस, दुसरा टप्पा बाकी. मी तिचं नाव खोडायचंच विसरले होते, आणि त्या विसरण्याबद्दल देवाचे किती आभार मानले ते माझं मला ठाऊक.

"मग माजं दुसरं मला नाय करायचं," जनीबाई म्हणाली. "वाकडं तोंड तर वाकडं. बकऱ्यांना काय करायचंय? मी बसते यादीत. या मानसाला आत घ्या."

काकांनी बरंच घूं घूं केलं. नियम काढले, तांत्रिक अडचणी काढल्या. जनीबाईनं वही ओढून घेतली, माझ्याकडून शाई मागितली आणि चार्ज घेणाऱ्याच्या रकान्यात अंगठा उठवला. मग काकांकडे काही म्हणजे काही कारण उरलं नाही. रविवारपासून ती आणि काकू दोघी त्यांच्या मागे मागे फिरल्या, पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही.

सोमवारी सकाळी स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी आलं. यंत्र आत नेता येत नाही. सिस्टरनी ते काढून माझ्या हातात दिलं. काका माझ्याकडे बघून ओठ हलवायला लागले. मला काही कळेना. जनीबाई बाकावरून उठून जवळ आली. तिला कळत होतं.

"काय म्हणतायत?"

"लय भ्या वाटतं म्हनत्यात," ती म्हणाली.

इतकी वर्षं त्या एका पट्टीच्या आवाजात हा माणूस कधी घाबरतो की नाही, हे मला विचारावंसंसुद्धा वाटलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि भडाभडा बोलून गेले. "काका, त्या सोमवारी तुम्ही टपरीवर चहा घेऊन उभे होता ना, मी वरून बघत होते. मला हाक मारता आली असती. मी मुद्दाम नाही मारली काका."

त्यांचे ओठ पुन्हा हलले, सावकाश. सिस्टर घाई करत होत्या. मी जनीबाईकडे बघितलं. तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हाईत हाय म्हनत्यात. तुमी खिडकी लावली ती बघितली व्हती." मग पुढे म्हणाली, "आन म्हनत्यात, खिडकी लावली नसती तर चहा घशाखाली उतरला नसता."

स्ट्रेचर आत गेलं आणि दार लागलं. माझ्या खिडकीसमोर रांग उभी होती, कोणीतरी "ओ बाई, फाईल द्या ना" म्हणून ओरडत होतं, आणि मी यंत्र हातात घट्ट धरून त्या बाकावर जनीबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होते.